पिग्मी

टेंभीपाड्याच्या चढावर माझी एकतीस दुकानं.
इस्त्रीवाला वीस रुपये, चक्कीवाला पन्नास,
अंडीवाला म्हणतो उद्या, आणि उद्या खरंच देतो.
गळ्यात मशीन, मशीनमधून पावती.
पावतीची शाई महिन्याभरात उडते
म्हणून मी वहीतही लिहिते. पेनानं. दाबून.

श्रावस्तीला आठवं लागलं
तेव्हा म्हटलं, आता हिला पैसे शिकवू.
खानावळीचा लसूण घरी येतो सोलायला,
मला किलोवर मिळतात, तिला गड्ड्यामागे रुपया.
(हा फरक तिला अजून सांगितलेला नाही.)
पहिल्या आठवड्यात अकरा रुपये आणि बोटांची आग.
दुसऱ्या आठवड्यात तिनं लसूण आधी भिजत घातला,
सालं आपसूक सुटली.
हे मी शिकवलं नव्हतं.

दोन डबे दिले, खर्चाचा आणि साठवायचा.
तिसरा तिनंच मागितला.
हा कशाला गं?
म्हणाली, अजून ठरायचंय.

मग मे महिना. शाळा नाही.
गेल्या वर्षीचं कॅलेंडर तिनं कात्रीनं कापलं,
एकेक तारीख सुटी केली,
गळ्यात कंपासपेटी अडकवली सुतळीनं
आणि गल्लीतल्या सहा पोरांकडून
रोज संध्याकाळी एकेक रुपया.
पावती म्हणून त्या दिवसाची तारीख, मागे सही.
"मम्मी, मीपण पिग्मी!"
मी हसले. ऑफिसात सांगितलं, तेही हसले.
मॅनेजर म्हणाले, हिला आत्ताच घेऊन टाका.

शुक्रवारी सुफियान दारात.
भाड्याची सायकल आलीय नाक्यावर,
माझे नऊ दे.
मुठीत नऊ तारखा, घामानं मऊ झालेल्या.
तिनं पेटी उघडली.
त्रेचाळीस हवे होते, अडतीस होते.
बाकीचे पाच कुठे गेले ते विचारायची गरज नव्हती,
काल्या खट्ट्याच्या पेप्सीनं
जीभ अजून जांभळी होती.

तिनं नऊ मोजून दिले.
तारखा परत घेतल्या, फाडल्या, अगदी माझ्यासारख्या.
सुफियान पळाला.
मी म्हटलं, पण हे तर डेल्सीचे, निशिगंधाचे...
ती म्हणाली,
"ते कुठे आलेत मागायला?
सगळे काय एकदम येतात?"

हेच वाक्य.
हेच मी ऐकलं होतं एका केबिनमध्ये,
ही पोटात होती तेव्हा,
जुन्या पतपेढीच्या चेअरमनच्या तोंडून.
आणि मग आले की सगळे, एकदम.
शटरवर नोटीस, नोटिशीवर कुणाचा तरी पानाचा लाल फवारा,
चेअरमन गावाला,
आणि चढावर मी, पोट सांभाळत,
कारण लोकांना पतपेढीचा नव्हे, माझा चेहरा माहीत.

नागूबाईचे अकरा हजार चारशे.
बाजारात तिच्या पाटीला वळसा घालून
मी दीड वर्ष मागच्या गल्लीनं गेले.
मग एकदा गेले समोरून. दोनशे ठेवले.
पुढच्या महिन्यात दोनशे.
कायद्यानं माझं देणं नव्हतं.
चार हजारांवर तीच म्हणाली, पुरे गं,
आणि पिशवीत मूठभर सुके बोंबील टाकले.
त्या बोंबलांचा हिशेब मला अजून लागत नाही.

हे सगळं आठ वर्षांच्या पोरीला
सांगणार कसं, पाच रुपयांवरून?
नाही सांगितलं.
फक्त म्हटलं, पेटीत पाच कमी आहेत.
तिनं खर्चाच्या डब्यात हात घातला. दोन निघाले.
साठवायच्या डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि तीन गड्डे घेऊन बसली,
कोरडेच. भिजवायलाही थांबली नाही.

रात्री अंथरुणात, लसणाच्या वासाची:
"मम्मी, पैसे कुणाचे आहेत
हे पेटीला कसं कळतं?"
नाही कळत, म्हटलं. झोप.

सकाळी निघताना मी माझी पिशवी मोजली.
बरोबर होती. तरी परत मोजली.
ती दात घासत उभी होती,
बघत होती.